उमेळ्याचे बांध, वसईचा कोट

भाईंदर सुटलं की लोकलच्या दारातला वारा बदलतो. खाडीच्या पुलावर गाडीचा आवाज पोकळ होतो, मग क्षणभर जमीन लागते, ते पाणजू बेट, आणि पुन्हा पाणी. हा पल्ला ओलांडला की नायगाव. वसईच्या किल्ल्यावर चित्रं काढायला जाणारी मंडळी सहसा इथं उतरत नाहीत. ती पुढच्या वसई रोडला उतरतात आणि बस किंवा रिक्षा पकडून थेट कोटात जातात. मी नायगावलाच उतरतो, पश्चिमेला बाहेर पडतो आणि उमेळ्यामार्गे जातो. वाट लांबते, ऊन लागतं, खांद्यावरची रंगांची पिशवी जड होते. पण कोटाची भिंत समोर येईपर्यंत डोळा तयार झालेला असतो, आणि माझ्या लेखी या वाटेचं मोल तेच आहे.

उमेळे हे वसई-विरार पट्ट्यातलं जुनं गाव. पालघर जिल्हा 2014मध्ये वेगळा झाला, त्याआधी हे सगळं ठाणे जिल्ह्यात होतं. स्टेशनच्या बाजूनं इमारतींची रांग पुढे सरकत आली आहे. आत वाड्या आहेत, कौलारू घरं, वळणावर पांढरा क्रूस, थोड्या अंतरावर देऊळ. गावाच्या एका अंगाला मिठागरं, खाजण आणि तिवरांचं रान, आणि पलीकडे उल्हास नदीची रुंद खाडी, जिला सगळे वसईची खाडी म्हणतात.

किनारा म्हटलं की चित्रकाराच्या मनात क्षितिज, लाटा, नारळ आणि एखादी होडी येते. उमेळ्यात यातलं फारसं काही नाही. खाडीत शिरेपर्यंत लाटेचा जोर संपलेला असतो. वाळूच्या जागी चिखल आहे. त्या चिखलावर माणसानं रेघा ओढल्या आहेत: बांध, पाट, खण, रूळ, विजेचे मनोरे. इतक्या सरळ रेघा समुद्राकाठी आपोआप उमटत नाहीत. त्या कुणीतरी आखल्या, दर वर्षी पुन्हा आखल्या, आणि पाणी दर वर्षी त्या पुसत आलं. इथं बसून चित्रं काढताना माझ्या मनात पक्कं झालं ते हे की या किनाऱ्याचा विषय समुद्र हा नाही आणि इमारतही नाही. माणसाची रेघ आणि भरतीचं पाणी यांची ओढाताण हाच इथला विषय. वसईची तटबंदी हे त्याच रेघेचं सर्वांत उंच रूप. म्हणून आधी मिठागर आणि मग कोट.

मिठागराचा हंगाम पाऊस सरल्यावर सुरू होतो. पावसानं ढासळलेले बांध चिखल लावून उभे करतात. खणांचा तळ तुडवून, ठोकून इतका घट्ट करतात की पाणी जिरू नये. मग मोठ्या भरतीला खाडीचं पाणी आत घेऊन एका विस्तीर्ण तळ्यात साठवतात. तिथून ते एका खणातून दुसऱ्यात, दुसऱ्यातून तिसऱ्यात फिरवत नेतात, आणि दर टप्प्याला पाण्याची खोली कमी होत जाते. ऊन आणि वारा मिळून पाणी उडवतात. समुद्राच्या एक लिटर पाण्यात साधारण 35 ग्रॅम क्षार असतात. मीठ धरायची वेळ येते तेव्हा ते पाणी आटून मूळच्या सुमारे एक दशांश उरलेलं असतं. शेवटच्या उथळ खणांत दाणा धरला की माणसं लांब दांड्याच्या फळीनं मीठ ओढतात आणि बांधावर ढीग लावतात. हे मेअखेरपर्यंत चालतं. पावसाआधी ढीग झाकून घ्यायचे. पूर्वी पेंढ्यानं झाकत, आता बहुधा प्लास्टिकनं.

ही सगळी प्रक्रिया बांधावर उभं राहिलं की डोळ्यांना रंगांच्या पट्टीसारखी दिसते. पहिल्या तळ्यात खाडीचाच रंग, मातकट करडा. मधल्या खणांत हिरवट झाक. शेवटच्या खणांत गुलाबी, उन्हाळा चढला की कधी कधी विटकरी. पहिल्यांदा पाहणाऱ्याला तो गुलाबी रंग संध्याकाळच्या आभाळाचा वाटतो, पण भर दुपारीही तो तसाच असतो. अति खारट पाण्यात तग धरणारे सूक्ष्म जीव आणि शैवाल यांच्या अंगातल्या तांबूस द्रव्यामुळे तो येतो. पाणी जितकं कडक, तितका रंग गडद. आगरावर काम करणाऱ्या एका काकांना मी विचारलं, की मीठ कधी धरणार हे कसं कळतं? ते म्हणाले, "पाण्याचा रंग बघायचा, हात घालायचा. पाणी हाताला जड लागलं पाहिजे." चित्रकारानं रंगाकडे कसं पाहावं याबद्दल याहून नेमकं मला कुणी सांगितलेलं नाही. इथला रंग ही शोभा नव्हे. काम कुठवर आलं आहे हे तो सांगतो.

तिवरांच्या रंगालाही असंच कारण आहे. तिवराचं पान वरून हिरवं आणि खालून रुपेरी-करडं असतं. वारा खाडीवरून आला की अख्ख्या रानाची छटा एकदम बदलते, आणि हिरवा रंग घोटून तयार ठेवलेला चित्रकार गडबडतो. पानावर बोट फिरवून जिभेला लावलं तर खारट लागतं. झाड जास्तीचं मीठ पानावाटे बाहेर टाकतं. मुळांची टोकं चिखलातून उभी वर येतात, श्वासासाठी. ओहोटीला ती हजारोंनी दिसतात आणि भरतीला सगळी नाहीशी होतात. एकाच जागेची ही दोन चित्रं आहेत, सहा तासांच्या अंतरानं.

म्हणून इथं येताना मी घड्याळाच्या आधी पंचांग पाहतो. आपल्या किनाऱ्यावर भरतीची वेळ काढायचा एक जुना हिशेब आहे: तिथीची पाऊणपट. पौर्णिमा किंवा अमावास्येला तिथी पंधरावी, तिची पाऊणपट सव्वाअकरा. म्हणजे साधारण अकरा-बारा वाजता पूर्ण भरती. अष्टमीला आठाची पाऊणपट सहा. सकाळी आणि संध्याकाळी सहाच्या सुमारास भरती, आणि दुपारी ओहोटी. भरती रोज सुमारे 50 मिनिटं पुढे सरकते, त्यामुळे हा हिशेब बऱ्यापैकी जुळतो, खाडीत आत थोडा उशीर धरायचा. पौर्णिमा-अमावास्येच्या आसपास उधाण असतं, पाणी खूप चढतं आणि खूप उतरतं. अष्टमीच्या आसपास चढउतार कमी. चिखलाचे आकार, पाण्यानं कोरलेल्या नागमोडी नाळी आणि त्यांत उभे शेकाटे आणि बगळे हवे असतील तर ओहोटी गाठावी. बांध आणि त्याला अगदी टेकलेलं पाणी हवं असेल तर उधाणाची भरती. निसर्गचित्रणाच्या वर्गात प्रकाशाची वेळ शिकवतात. या गावात पाण्याची वेळही तितकीच शिकावी लागते.

थोडं रंगकामाविषयी. खाडीकाठची हवा दमट, वॉश लवकर वाळत नाही. घाई करणाऱ्याचे दोन रंग एकमेकांत उतरतात आणि चित्र गढूळ होतं. मला हा दमटपणा आवडतो, कारण चिखलाचा काठ आणि पाणी यांच्यातली सीमा तशीही स्पष्ट नसते. ओल्यावर ओला रंग सोडला की ती आपसूक साधते. चिखलासाठी ट्यूबमधला तयार करडा मी वापरत नाही. बर्न्ट सायना आणि अल्ट्रामरीन यांचं मिश्रण कमी-जास्त करत गेलं की कोरड्या चिखलापासून भिजलेल्या काळ्या दगडापर्यंत सगळं मिळतं. मिठाच्या ढिगासाठी मात्र रंग नकोच. तिथं कागद कोरा ठेवायचा. मुंबईच्या सर जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये, जे 1857मध्ये सुरू झालं, पारदर्शक जलरंगाची जी शिस्त रुजली, तिचा पहिला धडा हाच: उजेड कागदाचा, सावली रंगाची. सावंतवाडीहून आलेले सा. ल. हळदणकर हे त्या शिस्तीतले मोठे जलरंगकार. त्यांनी 1908मध्ये मुंबईत स्वतःची कलासंस्था काढली. पण उमेळ्यात दुपारच्या उन्हात मिठाचा ढीग पाहिल्यावर कळतं की कोरा ठेवलेला कागदही पुरेसा उजळ वाटावा तर त्याच्याभोवतीचं आभाळ किती खाली उतरवावं लागतं.

आणि एक युक्ती, जी चित्रकलेच्या वर्गांत पोरखेळ म्हणून मोडीत काढली जाते. ओल्या वॉशवर मिठाचे दाणे टाकले की दाण्याभोवती पाणी ओढलं जातं, रंग सरकतो आणि पांढुरक्या चांदण्या उमटतात. शहरात घरी बसून हे केलं तर ते दिखाऊ वाटतं. इथं, बांधावरून उचललेला जाड खडा चुरून खणाच्या चित्रावर टाकला की समोर खणात आणि मांडीवर कागदात एकच गोष्ट घडत असते. रंग पूर्ण वाळल्यावर दाणे झटकून टाकायला मात्र विसरू नये. मीठ राहिलं तर पुढची अनेक वर्षं ते हवेतला ओलावा ओढत राहतं आणि कागद खराब होतो.

मिठागरं नुसती सुंदर म्हणून पाहिली तर अर्धीच पाहिली. 2018च्या जुलैत वसईत प्रचंड पाऊस झाला, मिठागरांचा भाग पाण्याखाली गेला आणि तिथं राहणारी मीठ कामगारांची कुटुंबं अडकून पडली. खाजणं, तिवरं आणि मिठागरं ही भरतीचं आणि पावसाचं पाणी सामावून घेणारी सखल जमीन आहे. तिच्यावर भराव पडत गेला की पाणी दुसरीकडे वाट काढतं. ज्या बांधाचं मी चित्र काढतो, त्याच्या आडोशाला माणसं राहतात, आणि चित्रात तो बांध निव्वळ आडवी रेघ होऊन बसला तर चित्र खोटं पडतं. म्हणून हल्ली मी बांधावर उमटलेली पावलं, टेकून ठेवलेली फळी, टोपली असं काहीतरी घेतोच.

मिठागराकडून वाड्यांत शिरलं की रंगांची पट्टी पालटते. सावली येते. केळी, भाजीचे वाफे, फुलांची शेती, आणि मधूनमधून बावखल. वसईबाहेरच्या वाचकांना हे ठाऊक नसेल: बावखल म्हणजे वाडीतलं खोदलेलं तळं, विहिरीपेक्षा पसरट, ज्यात पावसाचं पाणी साठतं, मुरतं, आणि आसपासच्या विहिरींचं पाणी गोडं राखायला मदत करतं. पूर्वी अशा पाण्यावर रहाट चालत आणि वाड्या शिंपल्या जात. समुद्र इतका जवळ असताना जमिनीत गोडं पाणी धरून ठेवणं ही केवढी मोठी कारागिरी आहे! एकीकडे बांध घालून खारं पाणी अडवायचं आणि आटवायचं, दुसरीकडे खड्डा खणून गोडं पाणी धरायचं. ही दोन्ही कामं एकाच पट्ट्यातल्या माणसांनी पिढ्यान् पिढ्या केली. गावातली बरीच बावखलं बुजली, बुजवली गेली. फादर फ्रान्सिस दिब्रिटो आणि त्यांच्या सोबतच्यांनी हरित वसईसाठी जी चळवळ उभी केली, तिच्या मुळाशी या पाण्याचीच चिंता होती.

चित्र म्हणून बावखल अवघड आहे. त्यात आभाळ फार थोडं दिसतं. केळीच्या पानांचा हिरवा पाण्यात उतरून काळसर होतो, आणि त्यावर शेवाळ्याचा एक फिकट थर असतो. मिठागरात सगळं उघडं होतं, इथं सगळं झाकलेलं. हिरव्याच्या इतक्या छटा हाताळायच्या तर ट्यूबमधला हिरवा रंग बाजूला ठेवून निळ्या-पिवळ्यातूनच त्या कराव्या लागतात. मी इथं जास्त वेळ पेन्सिलनंच काम करतो. पायऱ्यांचे दगड, काठावरचं वाकलेलं झाड, कपडे धुवायची शिळा. ही रेखाटनं पुढे चित्रात आली नाहीत तरी चालतं, जागेची नोंद राहते. बुजवलेल्या बावखलाचा फोटोही अनेकदा कुणाकडे सापडत नाही.

उमेळ्याहून कोटाकडे जाताना रस्ता गजबजतो. बाजार, शाळा, चर्च, रिक्षांची गर्दी. हा टप्पा मी लवकर पार करतो.

वसईचा कोट. 1534मध्ये गुजरातच्या बहादूरशाहाकडून वसई पोर्तुगीजांकडे आली आणि पुढच्या दोनशे वर्षांत त्यांनी इथं तटाच्या आत अख्खं शहर वसवलं: चर्चं, मठ, वाडे, रस्ते. 1739च्या मे महिन्यात, दीर्घ वेढ्यानंतर, चिमाजी अप्पांनी ते घेतलं. सेंट सेबॅस्टियन बुरुजाशी सुरुंग लावून मराठ्यांनी तट फोडला होता. त्या विजयानंतर चर्चमधल्या घंटा महाराष्ट्रभर देवळांत गेल्या. भीमाशंकरला, मेणवलीला, नाशिकच्या नारोशंकराच्या देवळात त्या आजही पाहता येतात. शहर मात्र ओस पडत गेलं. आज पुरातत्त्व खात्याच्या संरक्षणाखाली असलेल्या या अवशेषांत ताडाची झाडं भिंतींच्या वर डोकावतात आणि पिंपळाची मुळं कमानीच्या सांध्यांत उतरली आहेत.

या शहराचं एक जुनं चित्र उपलब्ध आहे, आणि ते पाहिल्याशिवाय कोणत्याही चित्रकारानं इथं बसू नये असं मला वाटतं. 1635च्या सुमारास अंतोनियो बोकारो यानं पूर्वेकडल्या पोर्तुगीज किल्ल्यांचा एक ग्रंथ सिद्ध केला. त्यातले रंगीत आराखडे पेद्रू बारेतू द रेझेंद याच्या नावावर आहेत. वसईचं चित्रही त्यात आहे, पक्ष्यानं वरून पाहावं तसं: तट, बुरूज, घरं, पाणी. एका शतकाआधी, 1538–39च्या सुमारास, जुआंव द कास्त्रू यानं गोव्यापासून दीवपर्यंतच्या सफरीत बंदरांची अशीच चित्रं करवून घेतली होती आणि कान्हेरी आणि घारापुरीच्या लेण्यांचंही वर्णन लिहून ठेवलं होतं. ही सगळी कामाची चित्रं होती. गलबत कुठं लावायचं, तोफ कुठून चालेल, हे कळावं म्हणून काढलेली. तरी त्यांत पाहण्याचा एक ताजेपणा आहे, कारण या चित्रकारांना किनारा आणि इमारत ही दोन वेगळी प्रकरणं वाटत नव्हती. तट कुठं संपतो आणि पाणी कुठं लागतं, हाच त्यांचा प्रश्न होता. मिठागरावरून आलेल्या माणसाला हा प्रश्न लगेच ओळखू येतो.

पुढे इंग्रजी अमदानीत नजर बदलली. जेम्स वेल्स हा स्कॉटिश चित्रकार 1791मध्ये मुंबईला आला. पुण्यात सवाई माधवराव पेशव्यांची आणि नाना फडणविसांची व्यक्तिचित्रं त्यानं केली, आणि मुंबई बेटाची त्याची बारा दृश्यं त्याच्या मृत्यूनंतर, 1800मध्ये प्रसिद्ध झाली. कान्हेरीची लेणी चितारत असतानाच्या काळात, 1795मध्ये तो ठाण्याला वारला. म्हणजे याच खाडीच्या वरच्या अंगाला. त्याच्या सोबत पुण्यात काम शिकलेला गंगाराम तांबट हा आपला चित्रकार. वेरूळच्या लेण्यांची त्याची रेखाटनं आज अमेरिकेत येल विद्यापीठाच्या संग्रहात आहेत. वेल्सच्या दृश्यांत प्रकाश आणि अंतर आहे, हवा आहे. गंगारामच्या रेखाटनांत बांधणी आहे, खांब कसा उभा आहे याचा ध्यास आहे. वसईच्या कोटात बसलं की मला या दोघांचीही गरज पडते. एका डोळ्यानं हवा पाहायची, दुसऱ्यानं सांधा.

वसईच्या अवशेषांकडे अभ्यासक म्हणून पाहणारा पहिला मोठा माणूस गोव्याचा, मुंबईत वैद्यकी करणारा डॉ. जेर्सन द कुन्या. चौल आणि वसईच्या इतिहासावरचं त्याचं पुस्तक 1876मध्ये आलं. आजही कोटातल्या शिलालेखांविषयी आणि थडग्यांच्या शिळांविषयी काही लिहायचं तर त्याच्यापासूनच सुरुवात करावी लागते.

कोटातला दगड हा स्वतंत्र विषय आहे. इथला काळा बसाल्ट घडाईला इतका चांगला मानला जाई की तो गलबतांतून गोव्याला जात असे. जुन्या गोव्यातलं बॉम जेझूचं चर्च 1605मध्ये पूर्ण झालं; त्याच्या दर्शनी भागातलं बारीक कोरीवकाम जांभ्यात न करता वसईच्या दगडात केलेलं आहे. जांभा सच्छिद्र, त्यात बारीक धार टिकत नाही, बसाल्टमध्ये टिकते. चित्रकाराला हा फरक कुंचल्यात कळतो. जांभ्याची कड मऊ ठेवावी लागते, बसाल्टची कोरडी, कापल्यासारखी. आणि बसाल्टचा रंग ऋतूबरोबर बदलतो. उन्हाळ्यात तो तपकिरी-करडा आणि तापलेला, पावसात निळसर काळा, आणि भाद्रपदात शेवाळानं इतका हिरवा की दगड ओळखू येत नाही. त्यावर उरलेल्या चुन्याच्या गिलाव्याचे पिवळट तुकडे. यलो ऑकर फार पातळ करून त्यावर ठेवला की चारशे वर्षांचं ऊन दिसू लागतं.

सेंट जोसेफच्या चर्चचा मनोरा दुरून ओळखू येतो. चर्चची स्थापना 1546ची, विस्तार 1601चा. बहुतेक जण तो पूर्ण मनोरा काढतात. मला छपराविना उभ्या असलेल्या आतल्या भिंती आणि कमानी जास्त ओढतात, कारण छप्पर गेल्यानं ऊन जिथं कधीच पडायचं नव्हतं तिथं पडतं. सकाळी कमानीच्या पूर्व अंगाला केशरी पट्टा, दुपारी सावली पायाशी गोळा झालेली, उतरत्या उन्हात भिंतीवर ताडांच्या सावल्या. क्लोद मोनेनं 1892–93मध्ये फ्रान्समधल्या रूआँ इथल्या कॅथीड्रलचा दर्शनी भाग तीसहून अधिक कॅनव्हासवर पुन्हा पुन्हा रंगवला, वेळेगणिक कॅनव्हास बदलत. ती चिकाटी समजून घ्यायला फ्रान्सला जायची गरज नाही. सेंट जोसेफच्या एका कमानीसमोर छोटे कागद घेऊन सकाळपासून संध्याकाळपर्यंत बसावं. जे. जे.चे आणि मुंबईतल्या इतर कलाशाळांचे विद्यार्थी इथं निसर्गचित्रणाला येतात, त्यांनाही मी हेच सांगत असतो: चार वेगवेगळ्या इमारती काढण्यापेक्षा एका भिंतीच्या चार वेळा काढा.

फ्रान्सिस न्यूटन सूझा यांचं नाव इथं घ्यायला हवं. 1924मध्ये गोव्यातल्या सालिगावात जन्मलेल्या या चित्रकारानं चर्चच्या आकारांना जाड काळ्या रेघांत जखडलं. वसईच्या मोडक्या दर्शनी भिंती भर दुपारी, आभाळ फटफटीत पांढरं असताना, पाठीमागून उजेड आला की तशाच दिसतात: काळी रेघ आणि मोकळा पोकळ भाग. लहानपणी डोळ्यांनी साठवलेल्या इमारती माणसाच्या हातात अशा उतरतात. प्रभाकर बरव्यांचं वेगळं. त्यांचा जन्म 1936चा, अलिबागजवळच्या किनाऱ्यावरच्या नागावचा. पण त्यांच्या चित्रांत समुद्राचं दृश्य शोधू गेलं तर हाती लागत नाही. पान, घड्याळ, किल्ली अशा वस्तू मोठ्या मोकळ्या अवकाशात ठेवलेल्या दिसतात. ‘कोरा कॅनव्हास’ हे त्यांचं मराठी पुस्तक चित्रकाराच्या विचारप्रक्रियेवर आपल्या भाषेत लिहिलेलं फार मोलाचं पुस्तक आहे. मिठागरातला रिकामा खण आणि त्यात एकटीच पडलेली टोपली पाहताना मला बरव्यांची आठवण होते. प्रेरणा दृश्याची नक्कल होऊनच यायला हवी असं नाही. किती मोकळी जागा सोडायची, हेसुद्धा जागा शिकवते.

सागरी दरवाज्यातून बाहेर पडलं की किल्लाबंदर आणि पाचूबंदर, कोळ्यांची वस्ती. इतका वेळ निर्मनुष्य भिंती पाहून थकलेल्या डोळ्यांवर एकदम रंग आदळतात. निळ्या-केशरी होड्या, नारिंगी फ्लोट, हिरवी जाळी, आणि बांबूच्या वलांड्यांवर वाळत घातलेले बोंबील, जबडे एकमेकांत अडकवून टांगलेले. हंगामात या वलांड्या दुरून रुपेरी पडद्यासारख्या दिसत असल्या तरी चित्र काढायला जवळ जावं आणि वास सोसावा, कारण प्रत्येक मासा वेगळा वळलेला असतो. महादेव विश्वनाथ धुरंधरांनी 1912च्या ‘बाय-वेज ऑफ बॉम्बे’ या पुस्तकासाठी मुंबईच्या गल्ल्यांतली माणसं काढली होती. चाल, नेसण, डोक्यावरच्या ओझ्यानं आलेला मानेचा ताठा. जे. जे.मध्ये चार दशकं शिकण्या-शिकवण्यात घालवलेल्या या माणसाचा हात इमारतीवर जितका स्थिर तितकाच माणसावर चपळ होता. पाचूबंदरला टोपली घेऊन जाणारी ताई चार पावलांत नजरेआड होते. तिथं ईझल मांडून बसणाऱ्याला काही मिळत नाही, उभ्यानं पेन्सिल चालवणाऱ्याला मिळतं. एक पथ्य पाळायचं: आधी बोलायचं, मग काढायचं. वलांडीजवळ बायका कामात असतात. विचारलं तर बहुतेक वेळा हसून बसायला जागा देतात, आणि मागून येऊन चित्रातल्या होडीच्या नाळेचा बाक चुकला असेल तर तेही सांगतात. अशी दुरुस्ती मी तिथंच करून घेतो.

1 जून ते 31 जुलै मासेमारी बंद असते, होड्या वर ओढून ठेवलेल्या, वलांड्या रिकाम्या. मिठागरंही तेव्हा पाण्याखाली असतात. रंग पाहायचे तर दिवाळीपासून होळीपर्यंतचा काळ उत्तम. गुलाबी खण पाहायचे तर एप्रिल-मे, पण टोपी, भरपूर पाणी आणि सकाळी लवकर निघणं आवश्यक, कारण बांधावर सावली नावालाही नाही. मिठागरात शिरण्याआधी तिथं काम करणाऱ्यांना विचारावं, खणांच्या तळावर पाय ठेवू नये. तो घट्ट करायला लोकांनी आठवडे घालवलेले असतात.

उमेळ्याचा पट्टा मी अजून पाण्याच्या बाजूनं पाहिलेला नाही. त्यासाठी पाणजूला जावं लागेल, रेल्वे ज्या बेटावरून जाते पण जिथल्या लोकांना अजून होडीनंच ये-जा करावी लागते. तिथून मिठागरांचे बांध, तिवरांची कड आणि लोकल वाहून नेणारे पूल एकाच नजरेत यावेत. भरती चढलेली असताना होडीत चढणं सोपं, म्हणून दिवस पौर्णिमेच्या आसपासचा धरला आहे. कागद मोठ्या आडव्या आकाराचे कापून ठेवले आहेत.